बायकांची खोली

जव्हार,
दि. १२ ऑगस्ट १९९६

चि. सुनिता हिस,
मैमुनाभाभीकडून पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. पावसाळा लागला की मुनाफशेठचा गुडघा कुरकुरतो. ते एका परीने बरंच, कारण गुडघा कुरकुरला की शेठ स्वतः जरा गप्प असतात. तू आणि उमेशराव मजेत असाल. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तू इथल्या होस्टेलात होतीस तेव्हापासून तुला माहीत आहे. तेव्हा उजेडात बसून वाच.

तुझ्या आईने खोडाळ्याहून कुणाकरवी निरोप धाडला असेल. नसेल तर माझ्याकडून ऐक, आणि घाबरू नकोस. तुझी बहीण हौशी इथे जव्हारच्या जेलमध्ये आहे.

झालं असं. तिचा नवरा सखा गेल्यापासून वावरच्या त्या तुकड्यावर दीर लहान्याचा डोळा होताच. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत तो सरळ बैल घेऊन शेतात उतरला. हिने आधी हात जोडले, मग शिव्या दिल्या, आणि शेवटी हातातली कोयती चालवली. लहान्याच्या दंडाला मोठी जखम झाली. आता तो बरा आहे. गावच्या लोकांनी बसून भांडण मिटवलंही, पण तोवर पोलिसांत कागद झाला होता. कोर्टाने हिला इकडे पाठवलं. कडेवर सोमी होती, तीही आईबरोबर आत.

तू परजातीत लग्न केलंस म्हणून हौशी तुझ्याशी बोलत नाही, हे मला माहीत आहे. ते रुसवेफुगवे सध्या खुंटीला टांगून ठेव.

तू कचेरीमागून होस्टेलात पळायचीस तेव्हा जी काळी दगडी भिंत लागायची, तीच आपली जेल. नावाला तहसीलदारसाहेब जेलर. रोजचा कारभार एका कारकुनाचा, दारावर पोलिसांचा पहारा आणि कैद्यांच्या पोटाचा कारभार आमच्या खाणावळीचा. पुरुषांच्या दोन खोल्या, बायकांची एक. पाटीवर लिहिलंय, पुरुष वीस, स्त्रिया चार. ज्यांचा खटला चालू आहे तेवढेच इथे. शिक्षा लागली की ठाण्याला, नाहीतर कल्याणला रवानगी.

बायकांची खोली म्हणजे नुसती म्हणायची. वर्षानुवर्षं बाई येत नाही, म्हणून उन्हाळ्यातल्या निवडणुकीच्या मतपेट्या तिथे छतापर्यंत रचलेल्या. शिवाय बाई कैदी असली की सोबतीला बाई बसवावी लागते, ती आणायची कुठून? म्हणून हौशीला त्याच दिवशी कल्याणला पाठवायचं चाललं होतं. मी भाताचं पातेलं घेऊन पोचले तर ही दारात उकिडवी बसलेली. मला बघून म्हणाली, “भाभी, कल्याण खोडाळ्याच्या पुढं हाय काय?”

मग मी पातेलं खाली ठेवलं आणि तोंड उघडलं. कारकूनसाहेबांना म्हटलं, पेट्या मतं देणार नाहीत, त्यांना हलवा. बाई हवी ना, मी बसते. साहेबांनी तहसीलदारांना विचारलं, ते हो म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत खोली झाडून झाली. तेव्हापासून मी सरकारी माणूस आहे, जरा आदराने लिहीत जा. शेठ म्हणाले, “आता तू जेलात राहणार, मग मला भाकरी कोण देणार?” मी म्हटलं, तुम्हीही एखादा गुन्हा करा, आत या, गरम गरम वाढते.

आता कामाचं. वकील सरकारने दिला आहे, पोरगा तरुण आहे पण मन लावून बोलतो. म्हणतो, चांगला जामीनदार मिळाला तर ही सुटेल. तू नोकरीवाली, तू येशीलच. पण सुनिता, घाई करू नकोस. घरी तिला काय आहे? कणगी आषाढातच रिकामी झालेली. सोमी आली तेव्हा तिचे हात बघवत नव्हते, पोट तेवढं पुढे. इथे दोन वेळा भात-डाळ आहे, पोरीला दूध आहे आणि वाढणारी मी आहे. ब्याण्णवच्या पावसाळ्यात हौशीचा पहिला मुलगा गेला, तेव्हा तू नर्सिंगला होतीस, मी मात्र तिला त्याला घेऊन सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसलेलं पाहिलंय. हे वाईट महिने सरू देत. दसऱ्याला ये, नवं धान्य हाताशी येईल, तेव्हा दोघींना घेऊन जा.

उमेशरावांना सलाम. आमच्या पोरी हुमा आणि समरीन, सुनितामावशी कधी येणार म्हणून विचारतात.
तुझी
मैमुनाभाभी


जव्हार,
दि. २० सप्टेंबर १९९६

चि. सुनिता,
दुवा. तुझं पत्र आलं. गणपतीच्या सुटीला जोडून रजा मिळाली, पुढच्या शनिवारी जामिनाला येते म्हणतेस. हौशीला वाचून दाखवलं. तू तिच्यासाठी येतेस हे ऐकून ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, “सुनी अजून पहिल्यासारखीच बारीक हाय काय?” मी म्हटलं, नवऱ्याने चांगली गोल केलीय. तेव्हा हसली. तुमचं बोलणं माझ्यामुळे सुरू झालं, हे लग्नाकार्यात सगळ्यांना सांगत जा.

सोमीची गंमत सांगते. परवा हौशीच्या परवानगीने आणि पहाऱ्यावरच्या हवालदाराच्या नजरेखाली शेठनी तांदळाचा मोठा काटा जेलच्या अंगणात नेला आणि पोरीला पारड्यात बसवलं. आली तेव्हाही बसवलं होतं. शेठ वजनं टाकत गेले, टाकत गेले, शेवटी म्हणाले, “ही कोणाची पोर आहे? बदलली काय?” कैदी खिडकीतून टाळ्या वाजवत होते. हौशी मात्र पारड्याला हात लावून उभी होती, जणू कुणी वजनासकट पोर घेऊन जाईल.

आता इथे गर्दी झाली आहे. जंगलखात्याच्या जागेत नांगर घातला म्हणून मोखाड्याकडचे बरेच जण एकदम आत आले. दोन खोल्यांत माणसं कुशीवर झोपतात. पाठीवर झोपायचं तर दुसऱ्याने उठून बसायचं. पातेल्यांवर पातेली चढवून माझे खांदे गेले. कारकूनसाहेब बिचारे सकाळ-संध्याकाळ डोकी मोजतात आणि पाटीकडे बघून उसासे टाकतात. मला म्हणाले, “भाभी, ती एक बाई आणि एक पोर हलवली तर बायकांच्या खोलीत दहा माणसं पाठ टेकतील.” त्यांचंही खोटं नव्हतं. तरी मी म्हटलं, माझी बाई हलायची नाही. मग वकिलाने त्या माणसांतल्या काहींचा जामीन करून घेतला आणि वेळ निभावली.

पण हे बोलणं हौशीच्या कानावर गेलं. जागा नाही, आता एकेकाला बाहेर काढणार, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. त्यात तू शनिवारी येणार. ताट घेऊन गेले तर जेवेना. म्हणाली, “भाभी, माला आता घरी नको धाडू. भादवा सरू दे. घरी नेऊन पोरीला काय घालू, पाला?” मी म्हटलं, तू ठाण्याला बहिणीकडे जाशील, खुळे. तर म्हणते, जावयाच्या घरी पोर घेऊन खायला कशी बसू, पहिल्यांदाच जायचं ते हात हलवत? नागली निघू दे, पायली-दोन पायली घेऊन जाईन. तिचा ताठा तुझ्याइतकाच आहे, नवीन काही नाही.

म्हणून सांगते, शनिवारी येऊ नकोस. रजा पुढे ढकल. दसऱ्याला ये, आपण थाटात काढू तिला. मधे एक तारीख आहे, पण तारखेचं काय, दुसरी तारीख पडते आणि परत येतात. तिची भीती घालवायला मी काहीबाही बोलले, तिला हसवलं आणि मग जेवली ती. आता ठीक आहे.

तुझ्या आईला बाजाराच्या दिवशी आत भेटवलं. म्हातारी सोमीला बघून रडली आणि मला आशीर्वाद देऊन गेली.
तुझी
भाभी


जव्हार,
दि. १७ ऑक्टोबर १९९६

सुनिता,
तुझं पत्र मिळून आठवडा झाला. दसऱ्याला येते, हौशीला हिरवी साडी घेतली आहे, सोमीला फ्रॉक, असं लिहिलंस. मी ते पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. रोज ठरवते लिहायचं, रोज काहीतरी काम निघतं. समरीनला बघायला भिवंडीची माणसं आली होती. मुलगा बरा आहे, सुताच्या सायझिंग कारखान्यात कामाला. शेठच्या गुडघ्याचं दुखणं आता उतरलं. पाऊस गेला. इकडे सगळीकडे भात पिवळं पडलंय, वरच्या अंगाला कापणीसुद्धा लागली.

हौशी इथे नाही. तिला शिक्षा लागली. दीड वर्ष. कल्याणला नेली, सोमी तिच्याबरोबर आहे.

आता सगळं लिहिते, मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, काहीबाही बोलून हसवलं. काय बोलले ते लिहिलं नव्हतं. ती विचारत होती, “भाभी, इथंच राहायचं तर काय करायला लागतं?” मी डाळ वाढत होते. हात भाजला होता, घाई होती, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊक आहे. म्हटलं, “सोपं आहे! कोर्टात साहेबाने विचारलं की म्हण, होय, मी मारलं. मग बघू कोण तुला बाहेर काढतंय!” आणि मी हसले. तीही हसली. मला वाटलं, थट्टा कळली तिला.

तिला वाटलं मी युक्ती सांगितली.

तारखेच्या दिवशी सकाळी गेले तर ही डोक्याला तेल लावून, चापून चोपून तयार. सोमीला समरीनचा जुना फ्रॉक. मी म्हटलं, काय गं, वरात आहे का? म्हणाली, “आज सांगून टाकीन.” मी विचारायला हवं होतं, काय सांगणार. मी तिचा पदर नीट केला आणि पुढे चालू लागले.

कोर्टात तिला वाचून दाखवलं, कोयतीने दुखापत केली असा आरोप आहे, कबूल आहे का? वकिलाने तिला दहादा पढवलं होतं, नाही म्हणायचं. ही ताठ उभी राहून म्हणाली, “होय साहेब. मीच मारला.” साहेब चांगले होते, सुनिता. कुणाला बोल लावू मी? त्यांनी पुन्हा विचारलं. समजावलं, की बाई, याने तुम्हाला शिक्षा होईल, जेल होईल. तर म्हणते, “जेल चालंल साहेब.” मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी पुढचं थांबवलं. म्हणाले, दुपारनंतर पुन्हा बोलावतो, तोवर विचार करा.

आम्ही ओट्यावर आलो. वकील घामाघूम झालेला. मला म्हणाला, “तुम्ही सांगा हो हिला, तुमचं ऐकते ती.” मी तिचे दोन्ही हात धरले. सांगितलं, हौशे, नाही म्हण. मी मस्करी केली होती. शिक्षा झाली की इथे ठेवत नाहीत, कल्याणला नेतात. सगळं सांगितलं मी, शपथ घेऊन सांगितलं.

ती माझ्याकडे बघून हसली. वकिलाकडे एक नजर टाकली आणि मला डोळा मारला.

तिला वाटलं, मी वकिलादेखत असं बोलतेय. चारचौघांत तसंच बोलावं लागतं, एवढं तिला कळत होतं. अगं, दोन महिने मी तिच्याशी दुसरं काय बोलले होते? आज जेवण नाही, साहेबांनी खाल्लं. सोमीला मी विकत घेतली, शेठनी पैसे दिले. तुझ्या खोलीत उद्या वाघ ठेवणार आहेत. प्रत्येक वेळी तोंड असंच गंभीर करून. भाभी कधी खरं बोलते आणि कधी टोपी घालते, हे तुला चार वर्षांत कळलं. तिला कधी कळायचं? मी रडायला लागले तर ती मला म्हणाली, “किती करशील भाभी, पुरं आता.” आणि माझे डोळे पुसले.

दुपारनंतर तिने तेच सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. पोर लहान म्हणून शिक्षा कमी केली, असं वकील म्हणाला.

आणि ऐक. लहान्या त्या दिवशी कोर्टाबाहेर बसला होता. त्याचं काम नव्हतं त्या तारखेला, तरी पहाटेच्या गाडीने आला होता, भावजयीला तोंड दाखवायला. गावात बसून मिटल्यावर त्याने शब्द दिला होता, की माझी साक्ष होईल तेव्हा सांगेन, मी स्वतःच घसरून कोयतीवर पडलो. मला म्हणाला, “बाई, ही का बोलली? मी सांगणार होतो ना.” त्याच्याकडे बघायची सोय नव्हती. तू जामिनावर तिला काढली असतीस तर ती आज तुझ्या घरी बसली असती आणि हा येऊन साक्ष देऊन मोकळा झाला असता. तुला दोनदा कोणी थांबवलं ते तुझ्याकडे पत्रात आहेच.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बोचकं बांधायला सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली. “माला कुठं नेतात?” मी म्हटलं, कल्याण. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आता हसेन म्हणून. मी हसले नाही. मग तिने हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, “खरंच, बाई.” तेव्हा कुठे ती खाली बसली. सोमीला पोटाशी घेतलं आणि एवढंच विचारलं, “तिथं पोरीला भात देतात?” मी म्हटलं, देतात. “मग बरं,” म्हणाली.

तिच्या शेतातलं भात लहान्या कापतोय. अर्धं तुमच्या आईकडे पोचवीन म्हणतो, आणि पोचवेल असं वाटतं. सोमी ज्या भातासाठी आत राहिली ते आता पंधरा दिवसांत कणगीत पडेल. बायकांच्या खोलीत आज बारा माणसं आहेत. पाठ टेकून झोपतात. मला सकाळी म्हणाले, भाभी, ही खोली चांगली हवेशीर आहे. मी ताटं ठेवून बाहेर आले. आता तिथे बाई बसवायची गरज नाही, म्हणून मीही सरकारी माणूस राहिले नाही. शेठ काही बोलत नाहीत. एरवी मी एक सांगितलं तर दोन ऐकवायचे. ते नाही बोलत म्हणून घर फार मोठं वाटतं.

अपिलाचं वकिलाला विचारलं. स्वतः कबूल केलेलं, फार आशा नाही म्हणतो, पण शिक्षा कमी करून मागता येईल. कागद तयार करतोय, तुझी सही लागली तर कळवीन.

सुनिता, ठाण्याहून कल्याण जवळ. हिरवी साडी घेऊन तू तिथेच जा. पण जाण्याआधी एक ऐकून घे, म्हणजे तिथे तुझा गोंधळ व्हायचा नाही. तिला पोचवून आलेला हवालदार खाणावळीत चहाला आला होता. म्हणाला, “त्या बाईने निरोप दिलाय. भाभीला सांगा, कल्याणचं तिलाही माहीत नसेल, तिने मनाला लावून घेऊ नये. तिचं ऐकलं म्हणून माझी पोर भादव्यातून निघाली.”

मला माहीत होतं, सुनिता. ती माझी बाजू घेतेय आणि मला सगळं माहीत होतं.

तिला हे तू सांग. कोयतीबद्दल नाही, कोर्टाबद्दल नाही, एवढंच सांग की भाभीला माहीत होतं आणि भाभी मस्करी करत होती. मी शेठना घेऊन कल्याणला जायला निघाले होते, एस. टी. स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. मी जाळीपलीकडून तिला खरं सांगायला लागले, तर ती हसेल. तिला वाटेल, भाभी आली आणि आल्या आल्या सुरू झाली.

माफ कर असं लिहीत नाही. तू करशील, आणि मला ते नको आहे.

तू जिला भाभी म्हणायचीस ती,
मैमुना